स्पीडचं चलान भरलं म्हणजे सुटका झाली का? दंडापेक्षा महाग पडणारी गोष्ट वेगळीच आहे

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून घरी पोहोचल्यावर काही दिवसांनी मोबाईलवर एक एसएमएस येतो. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि दंडाची रक्कम. चारचाकी असेल तर २,००० रुपये. अनेकजण चरफडत पैसे भरतात आणि विसरून जातात. त्याहून जास्त लोक पैसे न भरताच विसरून जातात.

दोघांचाही समज एकच असतो, की चलान हे वीजबिलासारखं आहे. भरलं की मिटलं, नाही भरलं तर पुढे बघू. कायदा मात्र याकडे तसं पाहत नाही.

मोटार वाहन कायद्यातलं कलम १८३ अतिवेगासाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद झाली. महाराष्ट्राने हे वाढीव दंड लगेच लावले नव्हते. ते डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. बातम्यांमध्ये गाजले ते हे आकडे. त्याच दुरुस्तीतला खरा बदल मात्र कलम २०० मध्ये आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

पैसे भरल्यावर नेमकं काय होतं?

एसएमएसवरची लिंक उघडून आपण जे पैसे भरतो, त्याला कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क म्हणतात. म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवणं. पूर्वी ते तिथेच मिटायचं. आता कलम २०० सांगतं, की तडजोड शुल्क भरलं असलं तरी हा गुन्हा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. शिवाय पैसे भरल्याने कलम २०६(४) खालच्या कारवाईतून सुटका होत नाही.

कलम २०६(४) म्हणजे थेट लायसन्सवर घाला. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं असतं. तिथे चालकाला बाजू मांडण्याची संधी मिळते. त्यानंतर पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं आणि दुसऱ्या वेळी रद्दच होऊ शकतं. ते परत मिळवायचं तर ड्रायव्हिंगचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

ही कल्पना अगदी नवी नाही. अतिवेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल वापरणं अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं.

मग स्पीडचं चलान आलेल्या प्रत्येकाचं लायसन्स का जात नाही? कारण कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, चालक कोण आहे ते कळत नाही. रस्त्यावर हवालदाराने थांबवलं तर लायसन्स मागता येतं. खांबावरच्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून आज तरी कॅमेऱ्याची बहुतेक चलानं पैशांवरच थांबतात. पण ही अंमलबजावणीतली फट आहे, कायद्याने दिलेली सूट नाही. कागदावरची नोंद तशीच राहते.

गाडी चालवली एकाने, चलान दुसऱ्याला

चलान जातं ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला. मग गाडी भाऊ चालवत असो, मित्राने लग्नाला नेलेली असो, की दोन वर्षांपूर्वी विकलेली असो.

विकलेल्या गाडीचा घोळ सगळ्यात त्रासदायक. व्यवहार होतो, पैसे हातात येतात, चावी दिली जाते आणि आरसीवरचं नाव बदलायचं काम ‘एजंट करून देईल’ म्हणून राहतं. नवा मालक १२० च्या वेगाने गाडी पळवतो आणि चलानं जुन्या मालकाच्या मोबाईलवर येत राहतात. त्याच गाडीचा अपघात झाला तर प्रकरण काही हजारांवर थांबत नाही. ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नुकसानभरपाईची जबाबदारी तेव्हा आरसीवरच्या मालकावर आली होती. गाडी राज्यातच विकली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचंही काम आहे. हे बहुतेकांना आधी चलान आल्यावरच कळतं.

चालक दुसरा असेल तर पोलिसांनी विचारल्यावर त्याचं नाव आणि लायसन्सचा तपशील देणं, हेही कलम १३३ नुसार मालकाचं काम आहे. घरातल्या घरात हा प्रश्न सहसा ‘जाऊ दे, मी भरतो’ म्हणून सुटतो. तीन गाड्या भाड्याने देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाकडे तो पगारातून कापून सुटतो.

न भरलेली चलानं कुठे अडवतात?

दोन-तीन वर्षं काहीच झालं नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. अडचण येते ती गाडी विकायच्या दिवशी. थकीत चलानांमुळे वाहन पोर्टलवर गाडीचे व्यवहार रोखले जाऊ शकतात. मग नाव बदलणं, दुसऱ्या राज्यासाठी एनओसी घेणं, टॅक्सी किंवा टेम्पोचं फिटनेस सर्टिफिकेट काढणं अशी कामं अडतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि यादीत सहा-सात चलानं निघतात. त्यातली काही कधी पाहिलेलीही नसतात, कारण आरसीवरचा मोबाईल नंबर जुना असतो. ज्याचं पोट टेम्पोवर आहे, त्याच्यासाठी फिटनेस अडणं म्हणजे गाडी दारात उभी राहणं.

यावर व्हॉट्सअॅपवर एक तोडगा कायम फिरत असतो, ‘सहा महिने झाले की चलान आपोआप रद्द होतं’. यात अर्धं तथ्य आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. पण उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. आणि ‘आपोआप’ तर काहीच होत नाही. हा मुद्दा न्यायालयात जाऊन मांडावा लागतो. तोपर्यंत पोर्टलवर चलान जसंच्या तसं दिसत राहतं.

लोकअदालतीची वाट पाहणारेही बरेच आहेत. तिथे काम लवकर होतं. पण लोकअदालत तडजोडीवर चालते, तिथल्या निवाड्यावर अपील नसतं आणि दंड कमी होईलच अशी हमी कायदा देत नाही.

नियम सरकारलाही आहेत

आतापर्यंतचं वाचून सगळा भार वाहनमालकावरच आहे असं वाटेल. तसं नाही. कॅमेऱ्याने चलान कसं करायचं, याचे नियम केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवून दिले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ पाहिला तर वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. कॅमेरा असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचना फलक हवा. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस जायला हवी. चलानासोबत नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे सगळं द्यायचं असतं.

म्हणजे चलान आलं की आधी फोटो उघडून बघणं हा हक्कच आहे. गाडी आपलीच आहे का? रंग, मॉडेल जुळतं का? बनावट नंबर प्लेट लावून फिरणाऱ्यांमुळे पुण्यात उभ्या असलेल्या स्कूटरला नागपूरचं चलान येणं अशक्य नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. पैसे भरण्याआधी तक्रार करणं महत्त्वाचं, कारण भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड करणं.

एक्स्प्रेस वेवर हा वाद जास्त तापला. तिथे २०२४ मध्ये आयटीएमएस ही कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. ती एका जागचा वेग तर पकडतेच, पण दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा गाडी सोडायची, ही जुनी युक्ती चालत नाही. सपाट रस्त्यावर कारसाठी मर्यादा १०० ची आहे. दहा किलोमीटरचा टप्पा सहा मिनिटांच्या आत संपला, की हिशोब यंत्रणेनेच केलेला असतो.

बोरघाटात कारसाठी ६० आणि जड वाहनांसाठी ४० ची मर्यादा लागते. उतारावर भरलेला ट्रक सलग ४० वर ठेवणं व्यवहार्य नाही, असं वाहतूकदार म्हणतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात संपच पुकारला होता. त्यांच्या मागण्यांत दंडमाफीही होती आणि ती मान्य करणं कठीण आहे. पण घाटातल्या मर्यादेचा आक्षेप तांत्रिक आहे. त्याला उत्तरही तांत्रिकच हवं, ‘नियम म्हणजे नियम’ एवढं पुरेसं नाही.

दुसरी बाजूही तितकीच कठोर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. आणि मिळतं काय? एक्स्प्रेस वे सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. घाट, गर्दी सगळं विसरून अख्खा रस्ता १०० ऐवजी १२० ने कापला, तरी वाचतात साडेनऊ मिनिटं. त्या बदल्यात धडकेच्या वेळची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढलेली असते.

चलानाच्या भीतीचाही धंदा झालाय

‘तुमच्या गाडीचं चलान बाकी आहे’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आणि सोबत ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाईल. ती इन्स्टॉल केली की मोबाईलमधले ओटीपी भामट्यांच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. २,००० च्या धास्तीने लोक लाख-दोन लाख घालवून बसतात. खरं चलान बघायला कुठलीही फाईल उतरवावी लागत नाही. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ वर संपतो. पत्ता स्वतः टाईप करून गाडीचा नंबर घातला, की चलान आहे की नाही ते कळतं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं.

राहतो एक प्रश्न, घाई कोणाची होती? विमानतळावर चाळीस मिनिटांत पोहोचव असं सांगणारा मालक, रात्रीत दोन फेऱ्या मागणारा ट्रान्सपोर्टर. चलान मात्र शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून वळतं होतं. कायद्याने ही शक्यता धरलेली आहे. कलम १८३ मध्येच लिहिलंय, की नोकरीवरच्या चालकाला वेगमर्यादा मोडायला लावणाराही दोषी आहे. आणि मर्यादा पाळून पूर्ण होऊच शकत नाही असं वेळापत्रक किंवा हुकूम दिला असेल, तर तो हुकूमच देणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. ‘आठच्या आत पोहोच’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आज हजारो चालकांच्या फोनमध्ये असेल. चलान करणारा कॅमेरा तो वाचू शकत नाही, न्यायालय वाचू शकतं.