जाड्याभरड्या लोकरीचे अर्थकारण

लोकरीची प्रत तंतूच्या बारीकपणावरून ठरवावी, हा गिरण्यांचा निकष. त्या निकषावर आपली दख्खनी मेंढी नापास ठरली आणि स्वातंत्र्योत्तर काळात मेरिनो व रॅम्बुले या परदेशी जातींशी तिचा संकर करण्याचे प्रयोग झाले. परंतु जी लोकर सुटाच्या कापडाला चालत नाही तीच घोंगडीला लागते, ही साधी गोष्ट या हिशेबात धरली गेली नाही. धनगर स्त्रियांनी कातलेले सूत, सनगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून सिद्ध होणारी घोंगडी पाऊस, थंडी आणि रानातला मुक्काम यांसाठीच घडली होती.

या संदर्भात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा इतिहास उद्बोधक आहे. तेथील लहानखुऱ्या देशी मेंढीच्या काळ्या, करड्या, तपकिरी लोकरीचे मोजे आणि शाली बायका घरोघरी विणत. माल नावाजलेला होता. पण व्यापारी मोबदला रोखीने न देता चहा, कापड अशा जिनसांत देत. १८७२ च्या सरकारी चौकशीत ही पद्धत चव्हाट्यावर आली. कला होती, मागणीही होती. विणणारीच्या हाती मात्र पैसा नव्हता. पुढे २०११ मध्ये युरोपीय संघाने शेटलंडच्या देशी लोकरीला उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण दिले. हे संरक्षण विणलेल्या स्वेटरला नव्हे, कच्च्या लोकरीला मिळाले, हे विशेष.

आपल्याकडे उलटे घडते. गौरव घोंगडीचा होतो, लोकरीला कोणी विचारत नाही. भाव मांसाला आहे. तेव्हा माण, आटपाडी, सांगोल्याकडचा मेंढपाळ अंगाने थोराड पण लोकरीने तोकड्या माडग्याळ नराकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा? कातरणीची मजुरीही ज्यातून सुटत नाही, ते उत्पादन तो संस्कृतीच्या प्रेमापोटी चालू ठेवणार नाही.

स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडी टिकणार नाही, हा आक्षेप खरा आहे. सर्वसामान्यांची बाजारपेठ गेली ती परत येणार नाही. परंतु गालिचे आणि नमदे यांनाही जाडी लोकरच लागते. म्हणून शासनाने प्रदर्शने भरवण्याआधी कातरणीच्या हंगामात प्रतवारी करून लोकर रोखीने खरेदी करण्याची व्यवस्था करावी आणि सूतकताईचा दर ठरवून द्यावा. मेंढपाळाच्या आणि कातणारीच्या हाती पैसा पडला नाही, तर घोंगडी संग्रहालयात राहील आणि ती देणारी मेंढी तेथेही सापडणार नाही.