बिनतारी बोंब

एक गोष्ट आधीच नमूद करून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी माझ्यावर प्रगतीचा शत्रू असल्याचा आळ घ्यायला नको. बिनतारी या प्रकाराशी माझं मुळात वैर नाही. रेडिओ बिनतारीच होता आणि त्याच्यावर मी नात्यातल्या अर्ध्याअधिक माणसांपेक्षा जास्त प्रेम केलं आहे. पण रेडिओ नुसता बोलायचा. ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असं त्यानं मला जन्मात विचारलं नाही. माझा वाद आहे तो डोक्याला अडकवायच्या त्या बिनतारी, बोलक्या म्हणवणाऱ्या यंत्राशी, ज्याला हेडसेट म्हणतात. आणि त्याहूनही जास्त त्याच्या वकिलांशी. हे वकील ठिकठिकाणी भेटतात. ठाण्याला भेटतात, पुण्याला तर पुतण्याच्या रूपानं भेटतात, आणि व्हिडिओ कॉलवर आपला आवाज गेला नाही की एका सुरात सांगतात, “तुमच्याकडे रेंज नाही हो. गावाकडे हे असंच चालायचं!”

गाव म्हणजे आमचं कशेळे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोथळीगडाच्या अलीकडे, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायाशी. शहरातले आप्तेष्ट अजून पत्त्यात ‘कशेळी’ लिहितात आणि आमच्या नावची लग्नपत्रिका रत्नागिरी जिल्ह्यात कनकादित्याच्या दर्शनाला निघते, ही गोष्ट अलाहिदा. तर या कशेळ्यात रेंज नाही, असा आरोप आहे. आता हा आरोप आपण जरा कोर्टात उभा करू.

कॉल लागतो. पुतण्या दिसतो. त्याच्यामागे भिंतीवर टांगलेलं गिटार दिसतं, जे तो वाजवत नाही. त्याचा आवाज मला खणखणीत ऐकू येतो. माझं चित्र त्याला व्यवस्थित दिसतं, इतकं व्यवस्थित, की “काका, दाढी केली नाही का?” असं तो विचारतो. फक्त ‘नाही केली’ हे माझं उत्तर त्याला पोचत नाही. तरी निकाल काय? रेंज नाही! अहो, चित्राला तारायंत्रावर, म्हणजे आजच्या भाषेत नेटवर आवाजाच्या कितीतरी पट जास्त जागा लागते. कशेळ्याहून पुण्याला भाताची पोती सुखरूप पोचली आणि मिठाची पुडी तेवढी पोचली नाही, तर रस्ता खराब आहे असं म्हणणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू? मिठाची पुडी घरातूनच निघाली नाही, एवढं तरी त्याला समजायला हवं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, रेंज जाते, कबूल. पण ती जाते तेव्हा सगळंच जातं. चित्र थिजतं, पुतण्या तोंड उघडं टाकून पुतळ्यासारखा बसतो, आणि तो देखावाही वाईट नसतो. नुसता माझा आवाज निवडून घेऊन जाणारी रेंज अजून जन्माला यायची आहे.

गुन्हा घडतो तो कशेळे ते पुणे या अंतरात नव्हे. तो घडतो माझं तोंड आणि समोरचा लॅपटॉप या हातभर अंतरात. आणि त्या हातभर मुलखाचा राजा आहे ब्लूटूथ.

हा राजा खरोखरचा होता. हॅराल्ड ब्लूटूथ, डेन्मार्कचा, दहाव्या शतकातला. विखुरलेल्या टोळ्या त्यानं एक केल्या म्हणून त्याचं नाव या तंत्राला द्यावं, असं १९९७ साली एका अमेरिकन इंजिनियरनं सुचवलं. नाव तात्पुरतं होतं, पण पाळण्यातलं नाव म्हातारपणापर्यंत चिकटावं तसं चिकटलं. खुणेचं जे चिन्ह आहे तेही त्या राजाच्या नावाच्या दोन जुन्या अक्षरांचं मिळून केलेलं. इतकी मोठी परंपरा! फक्त टोळ्या एक करणाऱ्या या राजाच्या वारसांना माझं तोंड आणि माझा लॅपटॉप एवढ्या दोन टोळ्या काही एक करता येत नाहीत.

बरं, यंत्र आळशी आहे म्हणावं तर तेही नाही. त्या हवेतल्या पट्टीत ब्लूटूथच्या जोडीला वायफाय असतो, आणि घरात मायक्रोवेव्ह असलाच तर तोही तिथंच गुरगुरत असतो. या गर्दीत धक्का लागू नये म्हणून ब्लूटूथ ७९ वाटा धरून सेकंदाला १६०० वेळा एकीवरून दुसरीवर उडी मारतो. सोळाशे! माथेरानच्या माकडांना शिकवणीला पाठवावं असा हिशेब आहे. टॉर्पेडो नावाच्या अस्त्राचा संदेश शत्रूनं अडवू नये म्हणून अशा उड्या मारण्याच्या कल्पनेचं पेटंट हेडी लामार नावाच्या सिनेनटीला आणि तिच्या संगीतकार मित्राला १९४२ साली मिळालं होतं. शत्रूला संदेश कळू नये हा मूळ हेतू होता. आमच्याकडे तो मित्रालाही कळत नाही, म्हणजे शोध अपेक्षेबाहेर यशस्वी झाला म्हणायचा.

पण उड्या हे काही मुख्य दुखणं नव्हे. मुख्य दुखणं असं, की या हेडसेटला अंगं दोन आहेत, आणि दोन्ही एका वेळी चालत नाहीत. एक गाणं ऐकवायचं अंग: दोन्ही कानांना वेगवेगळा सूर, सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, सगळा शाही थाट. दुसरं बोलायचं अंग. तुम्ही ‘माईक सुरू कर’ म्हटलं रे म्हटलं, की जुन्या धाटणीचा ब्लूटूथ तो थाट गुंडाळून ठेवतो आणि टेलिफोनच्या अंगात शिरतो. मग एकच सूर, सेकंदाला ८,००० नमुने, फार लाड झाले तर १६,०००. वाटच अरुंद आहे. उत्तम ऐकणं आणि बोलणं या दोन बैलगाड्या तिच्यातून शेजारी शेजारी जात नाहीत. आता कित्येक लॅपटॉपांच्या यादीत या एकाच प्राण्याची दोन नावं लिहिलेली असतात, एक ‘स्टीरिओ’ आणि एक ‘हँड्सफ्री’. कॉलवाल्या सॉफ्टवेअरनं ऐकायला एक नाव धरलं आणि बोलायला दुसरं, की दोन्ही अंगांत जुंपते, आणि दोघांच्या भांडणात माईक मुका होतो. माणसाचं तसं नसतं. आमच्या शेजारच्या काकू ऐकता ऐकता बोलतात, किंबहुना ऐकायच्या आधी बोलतात, आणि आवाजाचा दर्जा तसूभर उतरत नाही.

हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं का? अजिबात नाही! खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘चाळीस तास संगीत’. चाळीस तास संगीत कोण ऐकतो? आमच्याकडचं सप्ताहाचं भजनसुद्धा मधे चहाला थांबतं. ‘तुम्ही बोलू लागलात की मी टेलिफोन होईन, आणि कधीकधी मुका होईन’ एवढं एक वाक्य छापायला शाई संपते. आणि ‘आजूबाजूचा गोंगाट गाळतो’ हे मात्र ठळक अक्षरांत. गाळतो ना! आषाढात आमच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असतो. आता गोंगाट कोणता आणि गृहस्थ कोणता, हे ठरवायचं त्या चण्याएवढ्या बुद्धीनं. तिनं पावसाबरोबर मलाही गाळून टाकलं, तर दाद कुणाकडे मागायची?

२०२० साली नव्या तऱ्हेच्या ब्लूटूथची घोषणा झाली आणि त्यात हा दोन अंगांचा दोष काढला आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी हेडसेटही नव्या जातीचा हवा आणि लॅपटॉपही. म्हणजे जावई सुधारायचा असेल तर घरही नवं बांधा.

हा सारा प्रकार हसण्यावारी नेता आला असता. पुतण्याला माझ्या दाढीची कैफियत ऐकू गेली नाही म्हणून आभाळ कोसळत नाही. पण आमच्या आळीतल्या मुलीचं काय? रोज एस्टीनं कर्जतला जाऊन ती बी.कॉम. झाली. मुंबईच्या एका कंपनीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. घरात साधा इयरफोन होता; पण ऑफिसातल्यासारखं दिसावं म्हणून चुलतभावाचा बिनतारी हेडसेट तिनं मागून आणला. पडद्यावर तीन साहेब. ‘स्वतःबद्दल सांगा’ असा पहिला प्रश्न. पोरीनं पाठ केलेलं नव्हे, मनातलं सांगायला सुरुवात केली, आणि नेमका त्याच वेळी पडवीत बसलेल्या चुलतभावाला फोन आला. हेडसेट दोघांशीही जोडलेला. मूळ मालकाची घंटा ऐकल्यावर तो इमानी कुत्र्यासारखा तिकडे धावला. त्यानं घाबरून फोन कापला. पण गेलेला माईक काही लॅपटॉपकडे परत आला नाही. ती बोलतेच आहे. साहेब एकमेकांकडे बघताहेत. मी खिडकीतून कानाकडे बोट दाखवून खुणा करतोय, ‘ते काढ, ते काढ!’ त्या गुणी पोरीनं कानातले डूल काढून टेबलावर ठेवले.

चार मिनिटांत मुलाखत आटोपली. “नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय,” असं एक साहेब म्हणाला आणि पडदा काळा झाला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात नेटवर्कचं नावही नव्हतं. ‘कम्युनिकेशन कमी पडतं’ असं होतं. तिची आई ते पत्र माझ्याकडे वाचून घ्यायला आली. मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “पण तिला बोलता येतं हो. चांगलं बोलते ती.”

इथं माझं डोकं फिरलं, आणि म्हणून हा लेख. यंत्र मुकं झालं, तर दोष प्रथम गावाचा ठरतो आणि चार मिनिटं उलटली की माणसाचा ठरतो. यंत्राचा कधीच ठरत नाही. कारण ते बिनतारी आहे. त्याचं तुटलेलं काही दिसत नाही. तार तुटली तर दिसते हो! आमच्या तालुक्याला तारांचं मोल कुणी शिकवू नये. भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. वर घाटमाथ्यावर धरण, खाली आमच्या अंगणात वीज तयार, आणि तारेवरून ती मुंबईला. १९४२ साली, म्हणजे ती नटी तिकडे पेटंट घेत होती त्याच साली, माथेरानच्या भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभा करून या मुलखातले त्या तारांचे मनोरे पाडले. तेव्हा ‘मुंबईकडे रेंज नाही’ असं सरकार म्हणालं नाही. तार कुणी तोडली ते बरोबर हुडकत सरकार सिद्धगडापर्यंत गेलं, आणि २ जानेवारी १९४३ ला कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं हुतात्मा झाले. तारेचा कारभार असा रोखठोक असतो. आजही कर्जतला घाट चढायच्या आधी गाडीला मागून इंजिनं लावतात ती लोखंडी जोडणीनं लावतात. ब्लूटूथनं लावली असती, तर इंजिनं खंडाळ्याला आणि प्रवासी कर्जतच्या फलाटावर बटाटेवडे खात राहिले असते.

आणि तारेचा माईक काही दुर्मिळ झालेला नाही. दोनेकशे रुपयांत मिळतो. त्याला चार्जिंग लागत नाही, तो मालकाच्या हाकेला धावत नाही, त्याला दोन अंगं नाहीत. ज्या भोकात तो घालायचा त्या भोकाचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं. तिथल्या बायका दिवसभर खुंट्या घालून अख्ख्या शहराला बोलकं ठेवायच्या. ते भोक २०१६ साली एका बड्या अमेरिकन कंपनीनं आपल्या फोनमधून बुजवलं, आणि भर सभेत त्या कृत्याला ‘धैर्य’ म्हटलं. विहीर बुजवून पाणपोईची वर्गणी मागायची, त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. मग बाकीच्यांनीही बुजवायला घेतलं.

माझ्या मागण्या फार नाहीत. भोक परत द्या. खोक्यावर संगीताच्या तासांखाली बोलण्याचं खरं काय ते छापा. आणि मुलाखत घेणाऱ्या साहेब लोकांनो, समोरच्याचे ओठ हलताना दिसत असतील, तर ‘कम्युनिकेशन’ लिहायच्या आधी त्याला साधा फोन लावा. नंबर अर्जात असतो. कॉलच्या खिडकीत माईकच्या बाजूला बाण असतो, तो दाबून ‘लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडा’ एवढं चिठ्ठीत लिहून पाठवलंत तरी चालेल. हेडसेट मग नुसता ऐकण्यापुरता राहतो, आणि त्याचं त्यालाही बरं वाटतं. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पोरीची साडेतीन मिनिटं तरी उरली असती.

तिनं पुढची मुलाखत दुसरीकडे दिली. वायरवाला इयरफोन, चुलतभावाला फोनसकट शेतावर पाठवलेला. पंचवीस मिनिटं बोलत होती. निकाल अजून यायचा आहे.

परवा पुतण्याचा कॉल आला तेव्हा हे सगळं मी त्याला पुराव्यासकट ऐकवलं, अर्थात तारेवरून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यावर नवा कोरा बिनतारी हेडसेट होता, आधीच्यापेक्षा महाग. “काका, तुमचं सगळं खरं,” तो म्हणाला, “पण शेवटी तुमच्याकडे रेंजचा...” आणि त्यापुढे त्याचे नुसते ओठ हलत राहिले.