पथ्य, पर्व आणि पेढी

दशलक्षण पर्वातील एका दुपारी आमच्या हातून एका जुन्या गिऱ्हाइकाचा हिशेब तीनदा चुकला. कपाळाला घाम सुटला होता, बोटे थरथरत होती, आणि समोरचा गृहस्थ वर्षानुवर्षांच्या परिचयाचा असूनही त्याचे नाव आठवेना. सकाळी मधुमेहाची नेहमीची गोळी घेऊन आम्ही उपवास धरला होता. दुकानातील मुलाने प्रसंगावधान राखून चार चमचे साखर पाण्यात ढवळून आम्हांस पाजली. थोड्या वेळाने आम्ही सावरलो. सायंकाळी घरी चर्चा झाली ती मात्र त्या मुलाच्या शहाणपणाची नव्हे, तर व्रत मोडल्याची.

त्या चर्चेत आम्हीही मान खाली घालून बसलो होतो, याची आज खंत वाटते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामे आहे की भरलेले, हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवावयास लावतेच. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की प्रथम मती गुंगते आणि पुढे शुद्धही हरपते. (शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.) दोष व्रताचा नव्हता. पर्वापूर्वी डॉक्टरांना न विचारता उपवास धरणाऱ्या आमचा होता. सोळा कारणभावनांत तपाच्या मागे ‘शक्तितः’ हा शब्द आचार्यांनी उगाच घातलेला नाही. बाह्य तपांत अनशनाच्या शेजारीच अवमौदर्यही सांगितले आहे. चार घास कमी खाऊन उठणे हे मधुमेह्याला झेपणारे तप असून, पंगतीत आग्रह चालू असता ते पाळून पाहावे, म्हणजे त्याची कठीणता कळेल!

इन्सुलिनविषयी आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात जो संकोच होता, तो अनाठायी नव्हता. १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला दिले गेले, तेव्हापासून कित्येक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. परंतु १९८२ मध्ये सूक्ष्म जंतूंकरवी बनविलेले मानवी इन्सुलिन मान्य झाले आणि आता बहुतेक सर्वत्र याच जातीचे इन्सुलिन वापरतात. तरीही जुन्या समजुतीपोटी सुई टाळून डोळे अथवा मूत्रपिंड गमावणे, ही आम्हांस अहिंसा वाटत नाही.

रात्रिभोजनत्याग आणि कंदमुळांचा त्याग आपणांस उपकारकच आहेत. अडचण येते ती अष्टमी-चतुर्दशीला. हिरवी भाजी वर्ज्य होताच ताटात भात, पापड आणि तळणच उरते. त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि कुळथाचे पिठले यांकडे गृहिणींनी वळावे. पेढीवरचा चहा हा तर आमचा खरा वैरी. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक कप, दोन चमचे साखर. असे सहा कप झाले की सुमारे ५० ग्रॅम साखर केवळ आदरातिथ्यापोटी पोटात जाते. बेळगावात राहून कुंद्याला नाही म्हणणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. पण गूळ चालतो, ही समजूत मात्र सोडावी. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा भेद राहत नाही. मध तर आपण जन्मतःच सोडलेला, तरी मधुमेह आपल्या घरी आलाच!

रोजमेळ पाहून वर्षाचा नफा कळत नाही, तद्वत् सकाळची एक तपासणी पुरेशी नसते. एचबीए१सी ही मागील दोनतीन महिन्यांची खतावणी होय. ती नेमाने काढावी. आपल्या संघाने स्नेहमेळाव्यात बिनसाखरेच्या चहाची निराळी किटली ठेवावी, आणि पर्वापूर्वी एक दिवस डॉक्टरांना सभागृहात बोलावून औषधांच्या वेळा सभासदांना समजावून द्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

यंदा भाद्रपदात आम्ही एकाशन करणार आहोत. गोळीची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे, आणि साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे, हे दुकानातील त्या मुलास ठाऊक आहे.