फावल्या वेळाचा पाट

गुहागरचे गाव समुद्राच्या काठाने लांबवर पसरलेले आहे. वरचापाट, खालचापाट अशा वस्त्यांतून जाणारा रस्ता, त्याच्या दुतर्फा घरे आणि घरांलगत नारळी-पोफळींची दाट आगरे. पावसाळ्यात या आगरांना आकाशच पाणी घालते. परंतु पाऊस सरला की ते काम माणसाला करावे लागते. पूर्वी विहिरींवर रहाट चालत, आता पंप चालतात. पण एक गोष्ट पालटलेली नाही. महिनाभराचे पाणी एकाच दिवशी ओतून पोफळ जगत नाही. तिला ते ठरलेल्या पाळीने, थोडे थोडे मिळावे लागते. आणि ते तिच्या आळ्यापर्यंत पोचावे म्हणून पाट काढावा लागतो. एरवी तेच पाणी रेतीत जिरून जाते.

मनुष्याच्या फावल्या वेळाची गोष्टही अशीच आहे. शाळेतून आल्यानंतरचा अर्धा तास, पान वाढले जाईपर्यंतची पंधरा मिनिटे, धोपाव्याच्या धक्क्यावर दाभोळच्या फेरीबोटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ, असे लहान लहान तुकडे पुष्कळांच्या दिवसात असतात. पूर्वी ते रिकामे बसण्यात जात; हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जातात. वेळ नसतो असे नाही; वेळाला पाट नसतो.

हा पाट म्हणजे नित्यक्रम होय. ‘वेळ मिळाला की वाचीन’ असे म्हणणाऱ्याचे पुस्तक फडताळातच राहते. ‘दिवा लागला की वाचीन’ असे ठरवणाऱ्याचे वाचून होते. जुन्या घरांतून तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की मुले परवचा म्हणू लागत. त्यासाठी कोणाला वेळ शोधावा लागत नसे. दिवा हीच खूण असे. खूण घड्याळाचीच हवी असेही नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून भरती-ओहोटी पाहून होडी लोटणाऱ्याची वेळ रोज बदलते, परंतु क्रम मोडत नाही. ज्या कामाला अशी पक्की खूण लाभते, ते आठवावे लागत नाही. हळूहळू ते हाताच्या सवयीचे होते.

दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका लागतो. त्यातील मुरूड या गावी १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते शिक्षक. शिकवण्याचे काम सांभाळून त्यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी ते निवर्तले. सवड मिळेल तेव्हा लिहू, असे म्हणून ते थांबले असते, तर तो ग्रंथ झालाच नसता.

दापोलीसच शिकलेले पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पूर्ण झाला. पृष्ठे भरली सुमारे ६,५००. ही पृष्ठे मधल्या ३२ वर्षांवर वाटली, तर दिवसाला जेमतेम अर्धे पान येते! अर्ध्या पानाचे काम कोणालाही क्षुल्लक वाटेल. परंतु ते न चुकता होत राहिले म्हणजे किती उंच उभे राहते, हे या पाच खंडांकडे पाहिल्यावर कळते. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला.

नित्यक्रमाने मनुष्य यंत्र बनतो, असा आक्षेप कोणी घेतात. जो क्रम खेळाला आणि विसाव्याला जागा ठेवीत नाही, त्याच्याबाबत तो खराही आहे. शिमग्यात पालखी दाराशी आली असता कोणी गणिते सोडवीत बसत नाही, आणि बसूही नये. उत्सव सरल्यावर पुन्हा पाट वाहता करता आला म्हणजे झाले. ठरलेले काम वेळेवर उरकले की किनाऱ्यावरचा खेळही निश्चिंत मनाने खेळता येतो.

परंतु याहून गंभीर अशी एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. सर्वांना फावला वेळ सारखा मिळत नाही. एखाद्या घरी मुलगा दिव्याखाली वाचीत बसतो, आणि त्याची बहीण पाणी भरते, भांडी घासते व धाकट्याला सांभाळते. मग ‘ताईला वाचनाची आवड नाही’ असे म्हटले जाते. तिला वेळेच्या सदुपयोगाचा उपदेश करणे अन्यायाचे होईल. तेथे नित्यक्रम घरानेच बदलला पाहिजे. भावाने निम्मी भांडी घासली, तर दोघांनाही पुस्तक उघडता येईल. चांगला बागायतदार पहिल्याच झाडाशी पाणी अडू देत नाही. पाटाच्या टोकाच्या पोफळीपर्यंत ते पोचले की नाही, हे तो स्वतः जाऊन पाहतो.

पोफळीचे रोप लावल्यावर फळ दिसण्यास पाच-सात वर्षे लागतात. त्या वर्षांत एकाही दिवसाच्या पाण्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. तरीही जो पाळी चुकवीत नाही, त्याच्याच आगरात पुढे सुपारीचे घोस लोंबतात.