१२ लेकरांसाठी खोली कशाला? मग ऐका!

काल आमच्या वस्तीवरच्या शाळेत गेलो होतो. बाहेर पाऊस. दोन खोल्या आहेत. एकीवर 'धोकादायक' असं लाल रंगानं लिहिलंय, त्याला हा तिसरा पावसाळा. दुसरीत पहिली ते चौथीची मिळून १२ लेकरं, गुरुजी, खिचडीच्या तांदळाची पोती आणि गळतीखाली ठेवलेलं घमेलं. गुरुजी म्हणाले, "भाऊ, प्रस्ताव दोनदा पाठवला. पट कमी आहे म्हणत्यात."

इथंच माझं डोकं फिरतं. पट कमी म्हणून खोली नाही, आणि खोली नाही म्हणून पट कमी! ज्याची ऐपत आहे तो पोरगं तालुक्याच्या इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाडीत बसवतो. मागं राहतात ती ऊसतोड्याची लेकरं. त्यांच्यासाठी कोण भांडणार?

आपल्या बीड जिल्ह्यात तर हा नुसत्या भिंतींचा प्रश्न नाहीच. दिवाळी झाली की कोयते निघतात. घराघरात एकच बोलणं असतं: लेकरू म्हातारीपाशी ठेवायचं का कोपीवर न्यायचं? शाळा दारात असली, कोरडी असली, की आजी म्हणते, "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." नसली की लेकरू फडावर. तिथं थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. ती परत येते तेव्हा वर्ष संपलेलं असतं. एकदा सुटलेली शाळा सुटतेच, आणि मग बालविवाह रोखायच्या भाषणांना काही अर्थ उरत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. गाडीनं मोठ्या शाळेत न्यायचं म्हणे. साहेब, आमच्या वस्तीच्या रस्त्यावर पावसाळ्यात मोटारसायकल चालत नाही. आईबाप कारखान्याला गेलेलं सहा वर्षांचं लेकरू सकाळी गाडीवर कोण सोडणार? सत्तर वर्षांची आजी?

आणि धोकादायक म्हणजे काय, ते आपल्याला लांब जाऊन बघायला नको. आपल्या आष्टीला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, निंबोडीत, २८ ऑगस्ट २०१७ ला जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं. ३ लेकरं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत तेच झालं. ७ लेकरं गेली. दोन्ही वेळा पाऊस. दोन्ही वेळा शाळा भरलेली.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायद्यानं वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, शिक्षकामागे निदान एक खोली, कोणत्याही ऋतूत टिकणारी इमारत, पाणी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, एवढं बंधनकारक केलंय. मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. त्या वर्षी जन्मलेलं पोरगं एव्हाना प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडलं, आमची खोली अजून प्रस्तावातच.

"१२ पोरांसाठी एवढा खर्च परवडतो का?" असं विचारणाऱ्यांना माझा एकच सवाल. याच शाळेत मतदान केंद्र असतं. निवडणूक आली की रॅम्प आहे का, पाणी आहे का, लाईट आहे का, हे बघायला साहेब गाडी घेऊन येतात. तेव्हा थोड्या मतांसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणत नाही. मताला छप्पर लागतं, मग लेकराला नको?

आमचं मागणं साधं आहे:

१. जून महिन्यात शाळा उघडायच्या आधी प्रत्येक वस्ती-तांड्यावरच्या शाळेची इंजिनिअरकडून तपासणी करा. अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.
२. धोकादायक खोली जरूर पाडा, पण त्याच दिवशी नव्या खोलीची मंजुरी हातात द्या. नाहीतर निर्लेखन झटपट होतं आणि लेकरं वर्षानुवर्षं मंदिराच्या ओट्यावर बसतात.
३. जिल्हा नियोजन समितीच्या पैशात वस्तीशाळेला आधी मान द्या. कमानी आणि सभामंडप नंतर झाले तरी चालतील.

आणि गावकऱ्यांनो, आपणही शहाणे नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला किती जण जातो? यावेळी चला. शाळेच्या खोलीचा ठराव लिहून घ्या, वाचून मगच सही करा, एक प्रत जपून ठेवा.

तुमच्या वस्तीवरच्या शाळेची काय गत आहे? कमेंटमध्ये गाव लिहा, छताचा फोटो टाका. लेकरांचे चेहरे नकोत, गळकं छत पुरेसं आहे.