संरक्षण कोणाचे?

युरोपीय संघाच्या २७ राष्ट्रांना परराष्ट्र व सुरक्षा धोरण बहुधा एकमतानेच ठरवावे लागते. एकाचा नकार सर्वांना थांबवितो. आपल्या संविधानाने हे विषय संघसूचीत घालून तो पेच टाळला. परंतु एकमुखी धोरण म्हणजे निर्दोष धोरण नव्हे. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर खर्च होतात. कारण परराष्ट्र धोरणाने अडीअडचणीला धावणारे मित्र जोडलेले नाहीत. मग जनतेसाठी उरते काय?

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. सीमा राखणाऱ्या राष्ट्राने डोंगरउतारावरील वस्तीही राखावी. तेही संरक्षणच होय. शिकलेल्या प्रत्येकाने हा हिशेब मागितला पाहिजे.