लाइफस्टाइल म्हणे! कुणाची?

दोस्तांनो, हल्ली एक शब्द दवाखान्याच्या भिंतीवरून, पेपरातून, डॉक्टरांच्या भाषणातून आपल्या अंगावर येतो. लाइफस्टाइल. तोंडाचा, जिभेचा, घशाचा, स्वरयंत्राचा कॅन्सर म्हणे लाइफस्टाइलचा रोग. माझं पहिलं भांडण या शब्दाशी आहे. ते उरकलं की दुसरं भांडण तुमच्याशी आहे. तेव्हा टाळ्या राखून ठेवा.

स्टाइल म्हणजे काय? दहा गोष्टींतली आवडेल ती उचलायची, नको ती टाकायची. ज्याला निवड आहे, त्याची स्टाइल. पहाटे उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईच्या दाताला मिश्री असते. का? तर पोटात काही नसतं. मिश्रीनं भूक मरते, दाढ दुखायची थांबते, हात चालतो. गटारीत उतरणारा माणूस आधी क्वार्टर रिचवतो. शुद्धीवर राहून त्या घाणीत एकदा उतरून दाखवा, मग त्याला लाइफस्टाइल शिकवा. नाक्यावरचा बिगारी तळहातावर तंबाखू मळतो, कारण वडापावला पैसे पडतात आणि पुडी दिवसभर पुरते. मालकाने न दिलेल्या भाकरीची जागा पुडी भरते. ही कसली स्टाइल? हा मजुरीतला चोरलेला हिस्सा आहे.

सरकारच्याच पाहण्या सांगतात, शाळा जितकी कमी आणि पैसा जितका कमी, तितकी तंबाखू जास्त. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली चोवीस मोठी माणसं तंबाखू खाणारी नाहीतर लावणारी निघाली. ओढणारी जेमतेम चार. म्हणजे आपल्याकडे हा धुराचा मामला कमी, गालात धरायचा जास्त. संशोधकांचा हिशेब असा की एकट्या २०२२ साली भारतात तोंडाच्या कॅन्सरचे ८३,४०० रोगी या गालातल्या तंबाखू-सुपारीने झाले. परळच्या फूटपाथवर फायली छातीशी धरून बसलेली माणसं बघा. त्यांच्यात बंगलेवाले किती आणि आपले किती, ते मोजायला कुठल्या आयोगाची गरज नाही.

आणि विकणारा? त्याची स्टाइल कुणी विचारत नाही. महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटखा बंद केला. कंपन्या कोर्टात गेल्या. २००४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी उडवली. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी परत आली. मग काय झालं? देशभर एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाइकाने तोंडात एक करायची. कायद्याच्या तोंडाला अशी पानं पुसली! तिकडे टीव्हीवर मोठमोठे हिरो वेलचीच्या नावाखाली त्याच छापाची जाहिरात करतात. ते खातात की नाही ठाऊक नाही. आपली पोरं मात्र खातात.

पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं होतं. थुंकी रस्त्यावर पडली तर रस्ता बाटायचा. मडकं गेलं, पुडी आली. आता थुंकलास तर दंड भर, आणि नाही थुंकलास तर गाल सडव. तोंड आपलं, पण त्याचा मालक दुसराच.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. आता दुसरं भांडण.

आपले कार्यकर्ते काय म्हणतात? “व्यवस्था जबाबदार आहे ना, मग मीच का सोडू?” दुसरा म्हणतो, “हा माझा पर्सनल मामला.” तिसरा तर कमालच करतो, “राव, नैतिकतेचे धडे ही बामणी खोड.” आणि तिघंही बोलताना ओठ वर उचलून बोलतात, कारण खाली रस साठलेला असतो!

गड्यांनो, महाड आठवा. १९२७. तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं असंही ठरलं होतं. ते मांस आपले लोक हौसेने खात होते का? भूक खायला लावत होती. जात खायला लावत होती. मग बाबासाहेब म्हणाले का, व्यवस्था जबाबदार आहे, खात राहा? नाही. लादलेलं आहे म्हणूनच टाका, ही त्यांची रीत. सोडणं म्हणजे सोवळेपणा नव्हता, ते बंड होतं. पुडी हे आजचं मेलेलं ढोर आहे. भुकेने आणि धंद्याने आपल्या तोंडात कोंबलेलं. ते दातात धरून क्रांतीच्या गोष्टी करता येत नाहीत. नागपूरला १९५६ साली घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती का आहे यावर कधी अभ्यासवर्ग घेतलात?

विडीचंही तसंच. आपल्याला ‘जय भीम’ची हाक देणारे कामठीचे बाबू हरदास यांनी विडी मजुरांची संघटना बांधली. १९३९ साली, पस्तिशीत, क्षयाने गेले. विडी वळणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूची धूळ श्वासात घेते आणि हजार विड्यांचा हिशेब ठेकेदाराकडे मागत बसते. आपण ती विडी शिलगावून तिच्या शोषणावर भाषण ठोकतो. विडीला विरोध म्हणजे त्या बाईला विरोध नव्हे. तिला दुसरं काम आणि पुरती मजुरी ही मागणी त्याच तोंडाने करायची आहे.

आता पुडीत काय असतं ते समजून घ्या. नुसत्या भावनेने पुडी सुटत नाही. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. चुना नुसता चवीला नसतो, त्याने निकोटिन मोकळं होऊन झटक्यात रक्तात शिरतं, म्हणून चटक लागते. गोळी रोज एकाच जागी धरली की त्याच जागेला मार बसत राहतो. “मी तंबाखू नाय खात, नुसती सुपारी खातो,” म्हणणारे शहाणे वेगळेच. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच छापलंय. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं, तोंड उघडेनासं होतं. विदर्भातला खर्रा, इकडचा मावा, सगळ्यांचा पाया सुपारीच. आणि दारूचं शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पेशींच्या मुळाशी घाव घालतं. पुडी आणि दारू सोबत घेतली तर धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आमच्या वस्तीतला एक गायक जयंतीच्या रात्री पहाटेपर्यंत भीमगीतं गायचा. गालात पुडी, मधल्या वेळेत क्वार्टर. त्याशिवाय गळा सुटत नाही, असं लोकच म्हणायचे आणि लोकच आणून द्यायचे. जिभेच्या कडेला फोड आला. दात लागला असेल म्हणून चार महिने काढले. अर्धी जीभ काढावी लागली. चळवळीचा एक आवाज आपणच क्वार्टर पाजून बंद केला.

एक विषाणूही आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. एचपीव्ही. हा शरीरसंबंधातून पसरतो, तोंडावाटेही. बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्यात ठाण मांडतो आणि वर्षांनंतर टॉन्सिल, जिभेचं मूळ, घसा इथे कॅन्सर करतो. अमेरिका-युरोपात घशाच्या कॅन्सरचं हे मोठं कारण झालंय. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा थोडा, तेव्हा विषाणूच्या नावावर पुडी सुटणार नाही. पण रोग संबंधातून येतो म्हटलं की लोक लगेच चारित्र्य तपासायला बसतात. आपल्या बायकांचं चारित्र्य तपासणं हा इथल्या जातीचा जुना धंदा आहे, त्यात आपण भागीदार व्हायचं नाही. विषाणूला जात नसते, नीती नसते. हाच विषाणू बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर देतो. त्यावर लस आहे, २०२३ पासून पुण्यात तयार झालेलीही आहे. नऊ ते चौदा वयात टोचली तर सगळ्यात चांगली. वस्तीतल्या प्रत्येक पोरीला ती फुकट मिळाली पाहिजे, यासाठी मोर्चा काढायला लाज कसली?

करायचं काय? डॉक्टर होऊन या, असं मी म्हणत नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात माणसांची तोंडं तपासली. २००५ साली निकाल छापून आला. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. बॅटरी, डोळे आणि चिकाटी. यातलं आपल्याकडे काय नाही?

बघायचं काय ते पाठ करा. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं आखडलेलं तोंड. मानेत न दुखणारी गाठ. बसलेला आवाज, जो सुटतच नाही. यातलं काहीही दिसलं की माणसाला हाताला धरून सरकारी दवाखान्यात न्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कागदपत्रांसाठी त्याला एकट्याला खेपा मारायला लावू नका. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होतो. उशीर झाला की घर विकूनही माणूस हाती लागत नाही.

आणि जयंतीच्या वर्गणीत गुटखेवाल्याचा, दारूवाल्याचा पैसा नको. त्याचा बॅनर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागत असेल तर तो फाडायची हिंमत ठेवा.

येत्या १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीशेजारी एक टेबल मांडा. एक बॅटरी, एक वही, दवाखान्यातून शिकवून आणलेली दोन पोरं-पोरी. लोक रांगेत उभे राहायला लाजतील. तेव्हा पहिल्यांदा आपलं स्वतःचं तोंड उघडा. त्याआधी त्यातलं थुंकून या.

जय भीम.